नाका उठला, नाका बसला : ब्रिटनच्या महागाईची दोनशे वर्षांची गोष्ट

तूरडाळ आणि तेलाच्या डब्याच्या भावावर मागे लिहिलं होतं. त्याखाली बऱ्याच जणांचं मत एकच होतं. बाहेरच्या देशांशी केलेले करार मोडून टाका, आपलं आपण पिकवू, आपलं आपण खाऊ, भाव आपोआप खाली येतील. दोघातिघांनी ब्रिटनचा दाखलाही दिला. ते बघा कसे युरोपला रामराम ठोकून ताठ मानेनं बाहेर पडले!

दाखला चांगला आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. बाहेर पडल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात काय झालं, हे कोणी सांगत नाही. आणि धान्याच्या भावावरून दार उघडायचं की लावायचं, हे भांडण ब्रिटनमध्ये दोनशे वर्षं चाललंय, हे तर फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून आज सविस्तर. पोस्ट लांबलचक आहे, सवडीनं वाचा.

आधी ओळखीची गोष्ट : जकात नाका

चाळिशीच्या पुढच्या मंडळींना जकात नाका आठवत असेलच. शहराच्या वेशीवर ट्रकची रांग. ड्रायव्हर चहाच्या टपरीवर, क्लीनर कागदांची पिशवी घेऊन खिडकीशी. बिल्टी दाखवा, बिल दाखवा, माल मोजून घ्या. कागदात एक ओळ चुकली की गाडी खोटी. रात्रभर उभ्या गाडीचं भाडं, ड्रायव्हरचा भत्ता, भाजी असेल तर सडलेला माल आणि वर चिरीमिरी.

जकातीचा दर कागदावर दोन-चार टक्के दिसायचा. पण व्यापारी मालावर भाव लावताना नुसती जकात लावत नव्हता. तो खोटीचे पैसे, हेलपाटे, खराबी, सगळं धरून लावायचा. शेवटी हे सगळं भरायचं कोणी? पावकिलो घेणाऱ्या गिऱ्हाइकानं.

आधी नगरपालिकांची जकात गेली, मग एकेका महापालिकेची जाऊन एलबीटी आला, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईचे नाकेही बंद झाले. त्यानं स्वस्ताई आली असं मी म्हणत नाही. जीएसटीची आपली वेगळी रडगाणी आहेत. पण एक गोष्ट डोक्यात ठेवा : करापेक्षा नाक्यावरचा खोळंबा कधीकधी महाग पडतो. ब्रिटनची पुढची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

पाव मोठा की छोटा

१८१५ साल. नेपोलियनचं युद्ध संपलं. युद्धात बाहेरचा गहू येत नव्हता म्हणून इंग्लंडमधल्या जमीनदारांना चांगला भाव मिळत होता. युद्ध संपल्यावर भाव पडणार, ही त्यांना धास्ती. संसदेत बसलेलेही बहुतेक जमीनदारच. त्यांनी कायदा केला : देशातला गहू क्वार्टरला (म्हणजे सुमारे २१८ किलोला) ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही. हेच ते कुप्रसिद्ध ‘कॉर्न लॉज’. कायदा मंजूर होताना लंडनमध्ये दंगली झाल्या, संसदेभोवती सैन्य उभं करावं लागलं.

मजुराच्या पगाराचा मोठा भाग पावावर जायचा. पाव महागला की त्याचं घर कोलमडायचं. मँचेस्टरचे कापडवाले रिचर्ड कॉब्डेन आणि जॉन ब्राइट यांनी याविरुद्ध मोठी चळवळ उभी केली. त्यात गिरणीमालकांचाही स्वार्थ होता. पाव स्वस्त तर मजुरी कमी देता येते. हेतू काही का असेना, १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडून दुष्काळाला सुरुवात झाली आणि १८४६ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी स्वतःच्या पक्षात फूट पडू देऊन हा कायदा रद्द केला.

त्या दिवसापासून ब्रिटनच्या राजकारणात एक गोष्ट पक्की बसली. गरिबाच्या पावावर कर लावणाऱ्याची खैर नाही. १९०३ मध्ये जोसेफ चेंबरलेन यांनी टूम काढली की साम्राज्याबाहेरच्या धान्यावर कर लावू आणि साम्राज्याचा एक बंदिस्त बाजार करू. विरोधकांनी दोन पावांची चित्रं गावोगाव लावली. एक मोठा पाव खुल्या व्यापाराचा, एक छोटा पाव कराचा. १९०६ च्या निवडणुकीत चेंबरलेन यांच्या बाजूचा धुव्वा उडाला.

इथं आपला संबंध येतो आणि तो गोड नाही. ब्रिटननं दार उघडलं, तसा जगभरचा गहू तिकडे निघाला. अमेरिकेचा, रशियाचा आणि १८६९ मध्ये सुएझ कालवा झाल्यावर आपलाही. आगगाडी आतल्या मुलखातून धान्य बंदरापर्यंत नेऊ लागली. १८७६ ते ७८ मध्ये सोलापूर, नगर, पुणे, सातारा या भागांत माणसं अन्नान्न करून मरत होती, तेव्हाही हिंदुस्थानातून इंग्लंडला गहू जातच होता. व्हाइसरॉय लिटनचं धोरण होतं की धान्याच्या व्यापारात सरकारनं हात घालायचा नाही. पुण्याची सार्वजनिक सभा गावोगावची माहिती जमवून सरकारला दुष्काळाची पत्रं पाठवत राहिली. तेव्हा खुल्या व्यापाराची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. दार कोणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. त्या काळी दार आपल्या हातात नव्हतं.

युरोपच्या घरात

दुसऱ्या महायुद्धानं ब्रिटनला भूक दाखवली. १९४० मध्ये सुरू झालेलं रेशनिंग पूर्ण संपायला जुलै १९५४ उजाडलं. त्यानंतरही बरीच वर्षं त्यांचा बाजार जुन्या साम्राज्याच्या मालावर चालला. न्यूझीलंडचं लोणी आणि मटण, कॅनडाचा गहू, कॅरिबियन बेटांची साखर.

शेजारी १९५७ च्या रोम करारानं सहा देशांचा सामाईक बाजार उभा राहिला. ब्रिटनला आत यायचं होतं, पण फ्रान्सच्या द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये दार लावून घेतलं. अखेर १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन आत गेला.

आत गेल्यावर एक अडचण होती. युरोपनं आपल्या शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून बाहेरच्या धान्यावर, लोण्यावर, साखरेवर चढे कर ठेवले होते. म्हणजे न्यूझीलंडचं स्वस्त लोणी आता महाग पडणार. त्यासाठी काही वर्षांची खास सवलत मागून घ्यावी लागली. नेमका त्याच वर्षी तेलाचा भडका उडाला, जगभर धान्य महागलं. १९७५ मध्ये ब्रिटनमधली महागाई २४ टक्क्यांच्या घरात गेली. लोक म्हणू लागले, युरोपात गेलो म्हणून हे झालं.

जून १९७५ मध्ये सार्वमत झालं. राहायचं की बाहेर पडायचं? प्रचारात सगळ्यात जास्त चर्चा किराणा मालाची. बाहेर पडा म्हणणारे सांगायचे, बाहेर गेलो की जगाचं स्वस्त अन्न मिळेल. राहा म्हणणारे सांगायचे, जगातलं अन्न आता स्वस्त राहिलेलंच नाही, १९७४ ची साखरटंचाई विसरलात का? ६७ टक्के लोकांनी राहायचा कौल दिला. त्या वेळी राहा म्हणणाऱ्यांत मार्गारेट थॅचर होत्या आणि बाहेर पडा म्हणणाऱ्यांत मजूर पक्षातले डावे होते. चाळीस वर्षांत बाजू कशा पालटतात बघा.

पुढची गोष्ट फार महत्त्वाची. देशादेशांमधला आयातकर तर गेला होता, पण सरहद्दीवरचे नाके होतेच. कागदपत्रं, तपासणी, प्रत्येक देशाचे वेगळे नियम. ते काढून टाकण्याचा सविस्तर आराखडा १९८५ मध्ये तयार झाला. त्यात सुमारे ३०० कामांची यादी होती आणि तो करणारा माणूस होता ब्रिटिश, थॅचर यांनी पाठवलेले लॉर्ड कॉकफिल्ड. त्यातून १ जानेवारी १९९३ ला एकसंध बाजारपेठ सुरू झाली. स्पेनमधला टोमॅटो ट्रकमध्ये भरला की थेट लंडनच्या दुकानात. मध्ये खिडकी नाही, शिक्का नाही, खोटी नाही.

थोडक्यात, युरोपातले नाके उठवायचा नकाशा ब्रिटननंच काढून दिला होता.

२०१६ : स्वस्ताईचं आश्वासन

२३ जून २०१६. पुन्हा सार्वमत. ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला. बाहेरचे १ कोटी ७४ लाख, राहणारे १ कोटी ६१ लाख.

कारणं अनेक होती. बाहेरून येणारे कामगार, ब्रसेल्सचे हुकूम, बंद पडलेल्या कारखान्यांच्या गावांचा राग. तो राग खोटा नव्हता. पण त्यात एक जुनं आश्वासनही होतं. युरोप बाहेरच्या अन्नावर कर लावतो, आपण बाहेर पडलो की कर आपण ठरवू आणि लोकांना स्वस्त अन्न, स्वस्त कपडे मिळतील. कॉब्डेन यांचा मोठा पाव पुन्हा दाखवला गेला.

पहिला फटका त्याच रात्री बसला. मतमोजणी चालू असतानाच पौंड दीड डॉलरवरून एक डॉलर ३२-३३ सेंटपर्यंत घसरला. तीस वर्षांतला नीचांक. ज्या देशाचं निम्म्याच्या आसपास अन्न बाहेरून येतं, त्याचं चलन घसरलं की महागाई बंदरातूनच आत येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये युनिलिव्हर कंपनीनं घसरलेल्या पौंडाचं कारण देऊन भाव सुमारे १० टक्के वाढवायला मागितले, टेस्को या दुकानसाखळीनं नकार दिला आणि दोनेक दिवस त्यांच्या ऑनलाइन दुकानातून मार्माइट गायब झालं. मार्माइट म्हणजे त्यांच्याकडचं पावाला लावायचं खारट काळं चाटण. ते ब्रिटनमध्येच तयार होतं, तरी वादात सापडलं. ‘देशी माल’ म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

नाका परत बसला

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन औपचारिकपणे बाहेर पडला. वर्षभर जुनेच नियम चालू ठेवले आणि ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकराला खरी ताटातूट झाली. त्याआधी नाताळच्या तोंडावर करार झाला. एकमेकांच्या मालावर आयातकर शून्य, कोटा शून्य.

सगळ्यांना वाटलं, कर शून्य म्हणजे भाव तेच राहणार. पण कर शून्य असला तरी नाका शून्य नव्हता. माल कुठे बनला याचा दाखला. मांस, दूध, अंडी, मासे असतील तर पशुवैद्याच्या सहीचं आरोग्य प्रमाणपत्र. कस्टमचा अर्ज. जानेवारी २०२१ मध्ये नेदरलँडच्या बंदरावर अधिकाऱ्यांनी ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरचा जेवणाचा सँडविचसुद्धा काढून घेतला, कारण त्यात मांस होतं. तो व्हिडिओ जगभर फिरला. लोक हसले. पण त्याच महिन्यात स्कॉटलंडचे मासेवाले लंडनमध्ये पंतप्रधानांच्या घराजवळ ट्रक घेऊन आले होते. त्यांच्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. मासे युरोपात जायचे, एका दिवसात पोचायला हवेत आणि कागदासाठी गाडी खोटी होत होती.

ब्रिटनबाहेर जाणाऱ्या मालाची ही गत. आत येणाऱ्या मालाचं काय? तिथं तर आणखी गंमत. युरोपातून येणाऱ्या अन्नाची तपासणी ब्रिटिश सरकारनं एकदा-दोनदा नाही, पाच वेळा पुढे ढकलली. एप्रिल २०२२ मध्ये ढकलताना सरकारनंच सांगितलं, आत्ता तपासणी लावली तर लोकांवर महागाईचा बोजा पडेल; न लावल्यानं वर्षाला एक अब्ज पौंडांपर्यंत खर्च वाचेल. म्हणजे ज्यांनी नाका मागितला, त्यांनीच कबूल केलं की नाका चालू केला तर भाव वाढतील! शेवटी ३० एप्रिल २०२४ पासून प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. डोव्हर बंदरातून किंवा समुद्राखालच्या बोगद्यातून येणाऱ्या अशा मालाच्या एका खेपेला १४५ पौंडांपर्यंत फी. आपले साधारण पंधरा हजार रुपये. मोठ्या कंपनीच्या भरलेल्या ट्रकला त्याचं काही वाटत नाही. पण इटलीहून चार खोकी चीज मागवणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला पंधरा हजार म्हणजे धंद्यातला नफाच गेला.

किती महागलं आणि कशामुळे?

इथं प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. मार्च २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांची महागाई १९ टक्क्यांच्या वर गेली, पंचेचाळीस वर्षांतली सगळ्यात जास्त. ती सगळी ब्रेक्झिटची नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. गॅस, खत, गहू, सूर्यफूल तेल सगळंच पेटलं. त्याच मार्च महिन्यात जर्मनीत, जो युरोपीय संघाच्या आत आहे, खाद्यमहागाई २२ टक्क्यांच्या वर होती. तेव्हा ‘बाहेर पडले म्हणून महागलं’ एवढंच म्हणणारा माणूस अर्धवट बोलतोय.

मग ब्रेक्झिटचा वाटा वेगळा कसा काढायचा? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी सोपी युक्ती केली. दुकानातल्या मालाचे दोन ढीग केले. एक मुख्यतः युरोपातून येणारा आणि कागदांच्या कचाट्यात सापडणारा : ताजं डुकराचं मांस, टोमॅटो, जॅम. दुसरा युरोपाबाहेरून येणारा : ट्यूना मासा, अननस. युद्ध, वीज, डिझेल दोन्ही ढिगांना सारखंच लागू. फरक राहिला तो नाक्याचा. त्यांचा निष्कर्ष असा : डिसेंबर २०१९ ते मार्च २०२३ या काळात अन्न सुमारे २५ टक्क्यांनी महागलं. ब्रेक्झिटचे हे अडथळे नसते तर ही वाढ १७ टक्क्यांच्या आसपास राहिली असती. म्हणजे महागाईतला जवळपास एक तृतीयांश वाटा नाक्याचा. एका घरामागे सुमारे २५० पौंड, आपले पंचवीस हजार. सगळ्या देशाचा मिळून जवळपास सात अब्ज पौंड.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट. जकात घेतली तर निदान नगरपालिकेच्या तिजोरीत पैसा पडतो. त्यातून एखादा रस्ता, एखादी नळाची लाइन होते. इथं आयातकर शून्य होता. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या खिशातून गेलेला हा पैसा सरकारला कर म्हणून मिळालाच नाही. तो कागदात, प्रमाणपत्रांच्या फीमध्ये, उभ्या ट्रकच्या भाड्यात विरघळून गेला. स्पर्धा कमी झाल्यानं काही देशी उत्पादकांना फायदा झाला, पण ग्राहकांनी गमावलं त्यापेक्षा कमीच.

आणि भरलं कोणी? श्रीमंताच्या खर्चात अन्नाचा वाटा छोटा असतो, गरिबाच्या खर्चात मोठा. त्याच संशोधकांच्या आधीच्या, २०२१ अखेरपर्यंतच्या हिशोबानुसार सगळ्यात गरीब घरांचा एकूण राहणीखर्च या एका कारणानं १.१ टक्क्यांनी वाढला, सगळ्यात श्रीमंतांचा ०.७ टक्क्यांनी. २०२२-२३ या वर्षात ट्रसेल ट्रस्ट या संस्थेच्या अन्नपेढ्यांनी जवळपास ३० लाख शिध्याच्या पिशव्या वाटल्या. त्यामागे पगार, वीजबिल, सरकारी मदतीतली कपात अशी बरीच कारणं आहेत. पण जगातल्या सहा मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एका देशात लोक शिध्यासाठी रांगेत उभे होते, हे चित्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुकानांतले टोमॅटो संपले. एका माणसाला दोन किंवा तीनच, अशा पाट्या लागल्या. मुख्य कारण स्पेन आणि मोरोक्कोतलं खराब हवामान, शिवाय महाग विजेमुळे हरितगृहं बंद. पण माल कमी असतो तेव्हा विकणारा आधी सोप्या वाटेच्या गिऱ्हाइकाकडे जातो, हे लासलगावच्या व्यापाऱ्याला सांगायला नको. ब्रिटन आता सोप्या वाटेवर नव्हता. पर्यावरणमंत्र्यांनी संसदेत सुचवलं, लोकांनी हंगामात मिळतं ते खावं, सलगम खावं! त्यावरून तिकडे जी टिंगल झाली ती विचारू नका.

अर्थव्यवस्थेचं एकूण काय झालं? ब्रिटन सरकारचा जमाखर्च तपासणारं स्वतंत्र कार्यालय सांगतं की युरोपात राहिले असते त्या मानानं देशाची उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी. एका रात्रीत कोसळलं काहीच नाही. हळूहळू झिजलं. म्हणूनच त्याची बातमी होत नाही.

फिरून पुन्हा दारात

१९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाची बैठक झाली. ठरलं काय? खाद्यपदार्थ आणि वनस्पतींची तपासणी दोघांमध्ये बहुतांशी बंद करायचा करार करू. त्या बदल्यात ब्रिटन अन्नसुरक्षेचे युरोपचे नियम पाळणार, उद्या ते बदलले तर बदललेलेही पाळणार. आणि युरोपच्या बोटींना ब्रिटनच्या समुद्रात आणखी १२ वर्षं मासेमारी करू देणार.

नीट बघा. आत होते तेव्हा नियम करताना ब्रिटनचं मत होतं. आता नियम तेच पाळायचे, पण मत नाही. घरातून बाहेर पडल्यावर भाडं सुटलं नाही, फक्त सोसायटीच्या मीटिंगला बसायचा हक्क गेला.

उलट बाजूही सांगतो. बाहेर पडल्यामुळे ब्रिटनला स्वतःचे करार करता आले. २४ जुलै २०२५ ला भारताशी केला तो त्यातलाच. आपल्या बहुतेक सगळ्या मालावरचा त्यांचा कर शून्य करायचं त्यात ठरलं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांसाठी, कोळंबीवाल्यांसाठी, कोल्हापुरी चपलेसाठी तो कामाचा आहे. पण द्राक्षवाल्याला कर शून्य म्हणजे काय आणि नाका म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, तेव्हा कराचा प्रश्नच नव्हता, प्रश्न प्रयोगशाळेच्या कागदाचा होता. पूर्वी युरोप आणि ब्रिटनची औषध-अंशाची यादी एकच होती. आता दोन वेगळी सरकारं दोन याद्या ठरवतात. दोन्हीकडे माल पाठवायचा तर दोन्हीकडे लक्ष ठेवायचं. त्यांच्या नाक्याचा थोडा खर्च आपल्या बागेपर्यंत आला तो असा.

मग आपण काय घ्यायचं यातून?

‘देशानं आपले निर्णय आपण घ्यावेत’ हे म्हणणं चुकीचं नाही. १८७६ चा दुष्काळ सोसलेल्या मुलखाला ते कोणी शिकवायला नको. देशासाठी चार पैसे जास्त मोजायला लोक तयारही होतात. तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांना आधी बिल दाखवलं पाहिजे. ब्रिटनमध्ये बिल दाखवलंच नाही. उलट सांगितलं की बिल कमी येईल.

दार लावणं सोपं दिसतं, कारण कुलूप लावायला एक मिनिट पुरतं. पण गिऱ्हाईक परत यायला वर्षं जातात. आपल्याकडचंच बघा. ८ डिसेंबर २०२३ ला कांदा निर्यात बंद झाली, शहरात भाव आटोक्यात ठेवायला. मे २०२४ मध्ये ती उठली, तीही ४० टक्के निर्यातशुल्क लावून. त्या पाच महिन्यांत बाहेरचा गिऱ्हाईक कांदा खायचा थांबला नव्हता, तो दुसऱ्याकडून घेत होता. चांदवड-निफाडच्या शेतकऱ्यानं त्याची किंमत मोजली.

तेव्हा उद्या कोणी व्यासपीठावरून सांगितलं की अमुक करार मोडतो, तमुक गटातून बाहेर पडतो, भाव खाली आणतो, तर टाळी वाजवण्याआधी तीन प्रश्न विचारा. रुपयाचं काय होईल? कागद कोण भरणार आणि गाडी किती दिवस खोटी होणार? आणि तो खर्च शेवटी कोणाच्या पिशवीवर पडणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षांत बदललेलं नाही. १८१५ च्या लंडनमध्येही ते तेच होतं आणि २०२३ च्या लंडनमध्येही. ज्याची पिशवी सगळ्यात छोटी, त्याच्यावर.

मत वेगळं असेल तर जरूर लिहा. फक्त शिव्या नकोत, आकडे आणा.